झेपेल असं ध्येय: कामवाल्या मावशींचे खाडे लिहितो, स्वतःचे कोण लिहिणार?

आरंभशूर | ४ एप्रिल, रात्री १०:४०

आयडी बघून विषय कळलाच असेल.

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला. वरून काय काय खाली आलं ते आधी सांगते. योगा मॅट, तिचं प्लास्टिक अर्धंच फाडलेलं. जर्मनचं ए-वनचं पुस्तक, चौथ्या धड्यापर्यंत पेन्सिलने अर्थ लिहिलेले आणि पाचव्यापासून कोरं करकरीत. सासऱ्यांची पेटी, जिचा भाता मी हौसेने दुरुस्त करून आणला होता. आणि क्रोशाच्या सुईला लटकलेला बाळाचा एक मोजा. एकच. ज्या बाळासाठी तो विणायला घेतला ते यंदा अकरावीत गेलं.

सगळ्यात वर बुटांचा खोका. साडेसात हजारांचे बूट. मागच्या डिसेंबरात ऑफिसच्या ग्रुपवर हाफ मॅरेथॉनचं वारं आलं, मीही नाव नोंदवून मोकळी झाले. २१ किलोमीटर. वय ४९, नोकरी बँकेत, व्यायाम म्हणाल तर लिफ्ट बंद असेल त्या दिवशी. अ‍ॅपने १६ आठवड्यांचा तक्ता दिला. पहिला आठवडा काय तो रुबाब! पहाटे पाचला उठून धावणं, घामेजलेला सेल्फी, नवऱ्याला आरोग्यावर व्याख्यान. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "धावायला कोणी सांगितलं? आधी चालायला तर लागा." बूट खोक्यात, खोका माळ्यावर.

त्या दिवशी माळ्याखाली बसून विचार केला की प्रत्येक वेळी माझं नेमकं होतं काय. आळशी म्हणावं तर तशी मी नाही. बँकेत २४ वर्षं काढली, घर चालवते. मग लक्षात आलं की हे सगळे संकल्प ३१ डिसेंबरच्या रात्री ठरलेले आहेत. जेवण झालेलं, मुलगा हसतखेळत, उद्या काय करायचं त्याची चिंता नाही. त्या रात्रीच्या बाईला काहीही झेपतं. पण ते करावं लागतं ३१ मार्चच्या बाईला. बँकेत कोणी असेल त्याला मार्च एंड म्हणजे काय ते सांगायला नको. रात्री साडेनऊला घरी येऊन गार पोळी खाणाऱ्या त्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं की तुला काय जमेल.

दुसरी गोष्ट सापडली स्वयंपाकघरात. आमच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते आणि कामाच्या मावशींचे खाडे असतात, छोटी फुली. इतरांचे खाडे लिहायला माझ्याकडे चौकोन आहेत, स्वतःच्या संकल्पांचं मात्र सगळं हवेत. आणि मावशींना महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या आहेत. चार खाडे झाले म्हणून आपण काम सुटलं असं म्हणत नाही. माझा एक खाडा झाला की मात्र मी अख्खा संकल्प माळ्यावर टाकते.

म्हणून पाडव्यापासून एवढंच ठरवलंय: मंगळ, गुरू, शनी पुण्यातली पर्वती टेकडी. १०३ पायऱ्या, एकदा वर, एकदा खाली. घरापासून पायथा चालत १२ मिनिटं. महिन्याला साधारण १३ वेळा होतं, त्यात ३ खाडे मंजूर. बस. वजन किती उतरलं, वेळ किती लागला, काही लिहायचं नाही. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी थांबले. शेजारून सत्तरीचे एक आजोबा हातातली पिशवीही न सांभाळता पुढे निघून गेले.

तुमचं काय? अंथरूण पाहून पाय कसे पसरता? पसरता का? की तुमच्याकडेही माळा आहे?

---

डोंबिवली_स्लो | ४ एप्रिल, रात्री ११:०५

एकटा मोजा! ताई, हसून हसून बायको उठली.

आमचा माळा पुस्तकांचा. एका वर्षी ५२ पुस्तकं वाचायची ठरवली. आठवड्याला एक, कारण रोज लोकलमधे जाऊन-येऊन अडीच तास असतात. कागदावर हिशोब चोख. पण सकाळची डोंबिवलीची फास्ट ज्याने पाहिलीये त्याला कळेल. पुस्तक उघडायचं तर कोपर हलवावं लागतं, आणि कोपर हलवलं की शेजारच्याच्या बरगडीत. वर्षाअखेर झाली ९ पुस्तकं, त्यातली दोन मुलाची.

आता फक्त येतानाचा प्रवास धरतो. सीएसएमटीला गाडी रिकामी लागते, बसायला मिळतं. दहा पानं. जाताना वाचायचं नाही, असं ठरवूनच टाकलंय, त्यामुळे जाताना उभा असतो तेव्हा मनाला टोचत नाही. गेल्या वर्षी १७ झाली. ५२ च्या पुढे १७ म्हणजे काहीच नाही, पण ९ च्या पुढे बघा.

---

खवचट_खान | ४ एप्रिल, रात्री ११:३१

सगळं गोड आहे, पण मला एक सांगा, १०३ पायऱ्या हे ध्येय आहे की पळवाट? उद्या कोणी म्हणेल रोज एक पोळी कमी, परवा कोणी म्हणेल रोज एक शब्द जर्मन. असं करत करत माणूस स्वतःची फसवणूक करतो. नेम चुकला तर चालेल, पण नेम तरी मोठा धरा. आमच्या वेळी वडील म्हणायचे, ८० टक्के ठरवशील तर ६० पडतील, ६० ठरवशील तर बोंबला.

आणि हे माझं मत नाही, शास्त्रही तेच म्हणतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं ध्येय या एकाच विषयावर काम केलंय. नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर माणूस "जमेल तितकं करा" यापेक्षा जास्त काम करतो, हा त्यांचा निष्कर्ष. अवघड, हां. सोपं नाही.

---

सिंहगडी | ५ एप्रिल, सकाळी ६:१२

पर्वती काय चढता, सिंहगड करा! आतकरवाडीतून चढा, दीड तासात वर. दर रविवारी जातो. एकदा केलात की पर्वती म्हणजे अंगण वाटेल.

---

आरंभशूर | ५ एप्रिल, सकाळी ८:२०

@सिंहगडी, आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. मग खाली उतरणार ते वजन वाढवूनच ना? :-)

@खवचट_खान, तुमचा मुद्दा मनापासून पटला असता, पण तुमचे वडील तुमच्या मार्कांबद्दल बोलत होते. ८० ठरवून ६० पडले तरी ते मार्कशीटवर येतात. माझ्या हाफ मॅरेथॉनचं काय झालं? २१ किलोमीटर ठरवून ६० टक्के धावले असं नाही झालं, शून्य झालं. वर गुडघा. अवघड ध्येय अर्धवट राहिलं तरी हातात काही पडतं अशी कामं असतात आणि अजिबात काही पडत नाही अशीही असतात. पेटी अर्धी वाजवता येत नाही.

---

स्टेथोस्कोप | ५ एप्रिल, दुपारी २:४८

ओपीडीत नाश्ता करता करता लिहितोय, चुका माफ.

खानसाहेब, लॉक-लॅथम बरोबर, पण त्यांच्याच मांडणीत एक अट आहे जी तुम्ही गाळली. ते काम करायची कुवत असावी लागते आणि माणसाने ते ध्येय मनापासून स्वीकारलेलं असावं लागतं. शिवाय काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर निकालाचं अवघड लक्ष्य देण्यापेक्षा "यातल्या अमुक गोष्टी शिकून घे" असं शिकण्याचं लक्ष्य दिलेलं जास्त उपयोगी पडतं, हेही त्यांच्याच कामातून आलंय. ज्या बाईंनी आयुष्यात कधी धावलं नाही त्यांना २१ किलोमीटर म्हणजे कुवतीबाहेरचंच.

आता माझ्या धंद्यातलं. माझ्यासमोर रोज दहा जण बसतात ज्यांची साखर काठावर आहे. "वजन कमी करा" म्हटलं की समोरचा म्हणतो, "हो डॉक्टर, २० किलो करतो." तेव्हाच मला कळतं की हा परत येणार नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर एक मोठी चाचणी झाली होती, निकाल २००२ साली आले. त्यात एका गटाला सांगितलं होतं: वजनाच्या फक्त ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. ८४ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सहा किलोच्या आत-बाहेर. बस, इतकंच. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नेहमीचा सल्ला आणि औषध नसलेली नुसती गोळी (प्लासिबो) दिलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघालं. आणि गंमत म्हणजे, पहिल्या सहा महिन्यांच्या शेवटी ते ७ टक्क्यांचं लक्ष्य जेमतेम निम्म्या लोकांनीच गाठलं होतं. तरीही एवढा फरक.

दहा हजार पावलांच्या भुताबद्दलही सांगून टाकतो, कारण ते रोज कोणी ना कोणी घेऊन येतं. तो आकडा कुठल्याही संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" असं ठेवलं. जाहिरातीचा आकडा. २०१९ साली १६ हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांची पाहणी झाली, सरासरी वय ७२. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यू बरेच कमी दिसले, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. माझी एक पेशंट रात्री अकरा वाजता हॉलमधे गोल गोल फिरायची, घड्याळात ९,२०० दिसले म्हणून. पाय सुजवून घेतले.

---

मीना_जोग | ५ एप्रिल, दुपारी ४:१५

मी कुठेतरी वाचलंय की २१ दिवस सलग केलं की सवय लागते. मग फक्त २१ दिवस तग धरायचा. ताई, तुम्ही आठवड्यातून तीनच दिवस जाता, त्यामुळे सवय लागणार नाही. रोज जा.

---

स्टेथोस्कोप | ५ एप्रिल, सायंकाळी ७:०२

@मीना_जोग, २१ हा आकडा साठच्या दशकातल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून पसरला. नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला किमान इतके दिवस लागतात असं त्याचं म्हणणं होतं. "किमान" गळून पडलं आणि २१ उरला. लंडनमधे ९६ लोकांना एकेक साधी गोष्ट रोज करायला दिली होती, जेवणानंतर पाणी पिणं, थोडं चालणं वगैरे. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ पुरले, आणि कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि धागाकर्तीला आवडेल ते शेवटी: मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं काही बिघडलं नाही.

खाडे शास्त्रसंमत आहेत, ताई.

---

आरंभशूर | ५ एप्रिल, रात्री ९:५०

हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते. नवरा विचारेल तेव्हा बोट दाखवेन.

---

वाईची_मोडी | ६ एप्रिल, रात्री १०:१८

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. माझं वेगळंच आहे.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. पणजोबांचे कागद. सगळे मोडीत. वडील गेले तेव्हा जाहीर केलं की मोडी शिकणार, सगळे कागद वाचणार. वर्ग लावला. हातात आली बाराखडी आणि पेशवाईतल्या पत्रांचे छापील नमुने. ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आधी पानभर वरची रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि लिहिणाऱ्याचं अक्षर घाणेरडं असेल तर देवच तारो. दोन महिन्यांत वर्गातले आम्ही बावीस जण होतो ते सात झालो, आणि सातातून मीही गळलो. पेटी होती तिथेच.

मग दीडेक वर्षाने एका ओळखीच्या मास्तरांनी विचारलं, "तुला मोडी यायला हवी आहे की कागद वाचायचे आहेत?" मी म्हटलं, कागद. "सगळे?" विचार केला तर खरं म्हणजे एकच. स्टँपवर पंचम जॉर्ज असलेलं १९१९ सालचं एक खरेदीखत, ज्यावरून वडील आणि काका आयुष्यभर बोलले नाहीत.

मग ध्येय झालं तो एक कागद. आठवड्याला तीन ओळी. पहिला महिना मला फक्त "श्री", "रुपये", आमचं आडनाव आणि गावाचं नाव एवढंच ओळखू येत होतं. पण कागद तोच, हात तोच, आणि लेखनिकाने तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेले. खरेदीखतात भाषा ठरलेली असते ना, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. एकदा "पूर्वेस" सापडलं की "पश्चिमेस" पुढच्या ओळीत वाट बघत असतो. सव्वाचार महिने लागले. वर्गात दोन महिन्यांत जे आलं नाही ते त्या एका कागदाने शिकवलं.

कागदात काय निघालं विचाराल तर विहीर. विहिरीत चार आणे हिस्सा. सोळा आण्यांपैकी चार आणे, म्हणजे चार दिवसांतून एक दिवस पाणी. एवढ्यासाठी दोन भाऊ बोलत नव्हते. विहीर तर बाहत्तरच्या दुष्काळातच आटली होती.

पेटीत अजून चाळीसेक कागद आहेत. ते वाचायचं मी ठरवलेलं नाही. दुसरा घेतलाय, एवढंच.

---

डोंबिवली_स्लो | ६ एप्रिल, रात्री १०:४४

काय लिहिलंय! वेगळा धागा काढा की राव.

---

खवचट_खान | ६ एप्रिल, रात्री ११:२०

वाईकर, मानलं. पण बघा, तुमचं ध्येय सोपं नव्हतंच, नेमकं होतं. मी तेच म्हणतोय. १९१९ चं खरेदीखत वाचणं हे अवघड काम आहे. पर्वती अवघड नाही.

---

आरंभशूर | ६ एप्रिल, रात्री ११:३५

तुम्ही एकदा माझे गुडघे घेऊन चढा, मग बोलू.

---

एचआर_वाली | ७ एप्रिल, दुपारी १:१०

आमच्याकडे दर एप्रिलात हाच तमाशा असतो. स्मार्ट गोल्स, म्हणजे नेमकी, मोजता येणारी, मुदतीत बसणारी वगैरे ध्येयं! १९८१ मधे जॉर्ज डोरन नावाच्या एका सल्लागाराने ती पाच अक्षरं जुळवली आणि तेव्हापासून जगभरच्या ऑफिसांत लोक त्या पाच खान्यांत थापा भरतायत. मी स्वतः भरून घेते, म्हणून सांगते. जे आधीच झालंय तेच लोक ध्येय म्हणून लिहितात. एकाने "दोन सहकाऱ्यांना प्रशिक्षण देणे" लिहिलं होतं, ते दोघेही फेब्रुवारीतच शिकून मोकळे झाले होते.

खानसाहेबांची भीती त्या बाबतीत खरी आहे. ज्या ध्येयावर पगारवाढ ठरते ते माणूस मुद्दाम बुटकं ठेवतो. पण स्वतःचं स्वतःला ठरवताना उलटं होतं, कारण तिथे आपण कोणाला तरी दाखवायला ठरवत असतो. आरंभशूर ताईंनी ऑफिसच्या ग्रुपवर नाव नोंदवलं ना, तिथेच घोळ. ते ध्येय ग्रुपचं होतं.

---

पेठेतला_पोरगा | ७ एप्रिल, रात्री ११:५२

मी सदाशिव पेठेत राहतो, अभ्यासिकेत बसतो, पाच वर्षं झाली. राज्यसेवा. बाकी सांगत नाही.

इथे सगळे पायऱ्या आणि पानांबद्दल बोलतायत म्हणून विचारतो. "पोस्ट काढणे" हे ध्येय झेपणारं आहे का? जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. मी दिवसाला १० तास बसू शकतो, ते माझ्या हातात आहे. कट ऑफ किती लागेल, जाहिरात कधी येईल, परीक्षा पुढे ढकलली जाईल की नाही, यातलं काहीच माझ्या हातात नाही. गावाकडे मात्र एकच प्रश्न, "झालं का?" १० तास बसलो हे कोणाला सांगून उपयोग नाही. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य चार मार्कांनी गेली.

उपदेश नको आहे. कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

---

माजी_अभ्यासिका | ८ एप्रिल, पहाटे १२:३७

मी गेलोय. नऊ वर्षं. त्यातली शेवटची तीन फुकट गेली, आणि ती का गेली ते सांगतो. मी "किती दिवस" हे कधी ठरवलंच नाही. पोस्ट निघेपर्यंत, असं होतं. त्यामुळे प्रत्येक निकालानंतर सोडायचं की नाही हा प्रश्न नव्याने, रडवेल्या मनाने सोडवायचो, आणि रडवेला माणूस नेहमी "अजून एकदा" म्हणतो.

तुला जमत असेल तर आत्ता, निकाल समोर नसताना, कागदावर लिही. आणखी किती अटेंप्ट. त्यानंतर काय. वहिनीला नाही, आईला नाही, एका मित्राला तो कागद दे. माझ्या खोलीतल्या पार्टनरने तसं केलं होतं. दोन अटेंप्ट लिहिले, दोन्ही गेले, आणि तो सोलापूरला परत जाऊन ड्रिप इरिगेशनचं दुकान बघायला लागला. मी त्याला पळपुटा म्हटलो होतो. आज त्याच्याकडे मीच कामाला जाऊ का असं विचारायची वेळ येऊन गेलीये, गंमत नाही.

१० तासांचंही एक. बसलेले तास मोजू नकोस. मी मोजायचो. अभ्यासिकेत खुर्चीवर बसून सात तास झोपही काढता येते. किती प्रश्न सोडवले, किती चुकले, चुकलेले परत बघितले का, ते मोज.

मेसचं जेवण सोडून घरचा डबा मिळतोय का बघ. खरंच सांगतोय.

---

पेठेतला_पोरगा | ८ एप्रिल, पहाटे १२:५९

दादा, कागद लिहिला. दोन. थँक्यू.

---

फ्रँकफुर्टची_फणी | ८ एप्रिल, दुपारी ३:३०

वरचं वाचून काही लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते. माझं ध्येय ऋतूप्रमाणे बदलतं. इथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. "संध्याकाळी अर्धा तास चालणे" हे जूनमधे ठरवलेलं ध्येय नोव्हेंबरात मरतंच. चार वर्षं स्वतःला दोष दिला. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी फक्त जेवणाच्या सुट्टीत १५ मिनिटं. तुमच्याकडे पावसाळ्यात काय करणार आरंभशूर? आत्ताच ठरवून ठेवा.

---

भिशी_प्रमुख | ८ एप्रिल, रात्री ९:०५

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून. आरडी ५००० ची लावायचे, चौथ्या महिन्यात मोडायचे. तीनदा मोडली. मग १२०० ची लावली आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवली. नवरा म्हणाला, १२०० ने काय होतं? अकरा महिने झाले, मोडली नाही. तो गप्प आहे.

---

आरंभशूर | ६ जुलै, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, कारण दोघा-तिघांनी माझ्या विचारपूस पानावर विचारलं की चालू आहे का.

खाडे: एप्रिल ४, मे ६, जून २. मंजूर ३ होते, म्हणजे दोन महिने हद्द ओलांडली. मेमधे नणंद मुलांसह दहा दिवस राहून गेली. रोज आमरस, त्यात पहाटे उठून पर्वती कोण चढणार. पूर्वी असं झालं असतं तर मे महिन्यातच बूट खोक्यात गेले असते. यावेळी फक्त फुल्या मारल्या. नणंद गेली त्या शनिवारी गेले, आणि लाज वगैरे काही वाटली नाही. चौकोन भरायचा होता म्हणून गेले.

एक किस्सा. मावशींनी एकदा कॅलेंडर बघून विचारलं, "ताई, या लाल फुल्या कुणाच्या? माझ्या तर निळ्या असतात." मी म्हटलं, माझ्या. पर्वतीला गेले नाही की मारते. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "मग तुमचा पगार कोण कापतं?"

तीन थांबे होते, आता एक आहे. तो एक मी ठेवणार आहे, कारण तिथून सारसबागेकडचं पुणं बरं दिसतं.

---

एचआर_वाली | ६ जुलै, रात्री १०:२६

मावशींच्या सुट्ट्यांचे पैसे कापता का हो? खरं सांगा.

---

आरंभशूर | ६ जुलै, रात्री १०:३३

नाही. पूर्वी चारच्या वर गेले तर कापायचे. या प्रकरणानंतर बंद केलं. माझेच सहा झाल्यावर कुठल्या तोंडाने कापणार.

---

खवचट_खान | ६ जुलै, रात्री १०:४८

अभिनंदन, मनापासून. आता २०६ कधी? दोनदा वर-खाली.

---

आरंभशूर | ६ जुलै, रात्री १०:५५

दिवाळीपर्यंत वाढवणार नाही. तुम्हालाच दाखवायला वाढवेन आणि गुडघा परत सुजेल, ओळखून आहे मी स्वतःला.

---

सिंहगडी | ६ जुलै, रात्री ११:०२

पावसात पायऱ्या निसरड्या होतात, जपून. त्या महागड्या बुटांना ग्रिप आहे का? धावायचे बूट ओल्या दगडावर सरकतात.

---

आरंभशूर | ६ जुलै, रात्री ११:०९

सरकतात! मागच्या गुरुवारी कळलं. साडेसात हजार गेले ते गेले, आता साडेचारशेच्या रबरी सँडल घालून जाते. फ्रँकफुर्टच्या ताईंनी सांगितल्यावर पावसाचं ठरवून ठेवलं होतंच: जोराचा पाऊस असेल तर आमच्याच बिल्डिंगचे चार मजले, दोनदा. तेही धरायचं.

उद्या मंगळवार. मावशींनी खाडा सांगितलाय, म्हणजे भांडी माझ्याकडे. बघू.